जुना ट्रक ठेवावा की काढावा?
हंगामापूर्वी करावयाचा हिशेब



गळीत हंगाम आटोपला की आमच्या शेतकी विभागात एक प्रश्न हटकून येतो. ऊस वाहतूक करणारे आपलेच सभासद येतात, बसतात आणि म्हणतात, "साहेब, गाडी वीस वर्षांची झाली. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण सामान मिळंना. ठेवू का काढू?" शेजारी बसलेला दुसरा लगेच म्हणतो, "आता पूर्वीसारख्या गाड्या निघतात कुठं? ठेव." तिसरा म्हणतो, "भंगारात घाल आणि मोकळा हो." तिघेही अंदाजाने बोलतात. कागद-पेन्सिल कोणीच घेत नाही.

मी शेतकीचा माणूस, मेकॅनिक नव्हे. परंतु हा प्रश्न आपल्याला नवा नाही. खोडवा ठेवायचा की मोडायचा, हाच तो प्रश्न आहे. पहिला खोडवा आपण आनंदाने ठेवतो, कारण बेण्याचा आणि लागणीचा खर्च वाचतो. दुसऱ्याला थोडा विचार करतो. पुढे नांग्या वाढतात, त्या भरायला मजूर लागतो, एकरी टन घटतात आणि एक वेळ अशी येते की फुकटचा वाटणारा खोडवाच सगळ्यात महाग पडतो. हप्ते फिटलेला ट्रक असाच फुकटचा वाटतो. त्याच्या नांग्या मात्र शेतात दिसत नाहीत, त्या रस्त्यावर दिसतात.

नुकसान एकट्या गाडीवाल्याचे नसते

एका हंगामातली गोष्ट सांगतो. मार्च महिना, ऊन तापलेले. एका सभासदाची गाडी भरल्या उसासह शिवरस्त्यावर बसली. डिफरेन्शियलचा क्राऊन-पिनियनचा जोड गेला होता. जवळच्या दुकानांत तो नव्हता, शहरातही मिळाला नाही. शेवटी परजिल्ह्यातून जुना जोड आणला. यात तीन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी ऊस ट्रॅक्टर-ट्रेलरमध्ये पलटी करावा लागला, त्याची मजुरी वेगळी. तोपर्यंत टोळीने पुढचा फड तोडून ठेवला होता, तोही उन्हात पडला. ज्या शेतकऱ्याचा ऊस होता त्याचा त्या ट्रकशी काडीचा संबंध नव्हता, पण वजन त्याचे घटले.

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, असे आम्ही दर मेळाव्यात सांगतो, ते उगाच नव्हे. उसातले पाणी उडते म्हणून वजन कमी होते आणि साखरेचे विघटन होऊन उताराही खाली येतो. वजनाचा तोटा त्या एका शेतकऱ्याचा, उताऱ्याचा तोटा सर्व सभासदांचा. शिवाय २००९ सालापासून उसाला जो रास्त व किफायतशीर दर म्हणजे एफआरपी मिळतो, त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊनच पैसे आपल्या हातात पडतात. आपल्या जिल्ह्यात निफाड आणि पळसे येथील कारखान्यांचे गाळप मधली काही वर्षे बंद राहिले, तेव्हा ऊस लांब नेताना वाहतूक म्हणजे काय असते ते पुष्कळांनी अनुभवले आहे. म्हणून गाडीवाल्याचा हा निर्णय साऱ्या सभासदांच्या कामाचा आहे.

सामान का मिळेनासे होते?

गाडी जुनी झाली म्हणून सामान बंद होत नाही. तिच्या जातीच्या गाड्या रस्त्यावरून कमी झाल्या की बंद होते. याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी नाते असलेलेच आहे. मालेगाव तालुक्यातील रावळगावला १९३३ साली साखर कारखाना काढणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच पुढे १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघत. हिंदुस्थान मोटर्सचा बेडफोर्डही त्या काळी घाटात दिसे. या गाड्या कामाला कमी नव्हत्या. पण त्या निघायच्या बंद झाल्या, संख्या घटली, दुकानदाराने माल ठेवणे सोडले आणि चालू स्थितीतल्या गाड्याही एकेका भागासाठी भंगारात गेल्या.

उलट बाजू पाहा. टेल्कोने १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, पण गाड्यांचे उत्पादन चालूच राहिले आणि संख्या वाढत गेली. म्हणून 'बारा-दहा', 'सोळा-तेरा' या गाड्यांचे किंवा सहा सिलिंडरच्या ६९७ इंजिनाचे सामान पुढे अनेक वर्षे तालुक्याच्या गावीही मिळत राहिले. थोडक्यात, ज्या गाडीचे भाऊबंद रस्त्यावर जास्त, तिचे आयुष्य जास्त.

आता मात्र या जुन्या जातींनाही ओहोटी लागली आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. धुराचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज-४ हा नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला आणि भारत स्टेज-६ हा १ एप्रिल २०२० पासून. नव्या गाड्यांत कॉमन रेल पद्धत आली. डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे तिच्यात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. जुन्या पद्धतीचा पंप आणि साधे नोझल नव्या ट्रकला बसत नाही. आपल्या सातपूरला मायकोचा, म्हणजे २००८ पासून बॉश नाव धारण केलेल्या कंपनीचा, कारखाना आहे. त्यामुळे पंप-नोझलचे काम जाणणारे कारागीर नाशिकला पिढ्यान् पिढ्या तयार झाले. तरीही नव्या गाडीला जो भाग लागतच नाही, त्याची मागणी दरसाल कमीच होणार, आणि मागणी कमी झाली की माल कमी होणार. तेव्हा "आज मिळते" यावर "पाच वर्षांनी मिळेल" असे धरून चालू नये.

सामानाच्या तीन याद्या करा

आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला बरोबर घेऊन बसा आणि गाडीच्या भागांच्या तीन याद्या करा.

(अ) कुठेही मिळणारे सामान : क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बेअरिंग, फिल्टर, पट्टे, होज पाईप, कमानपाटे, बॅटरी, टायर. ही यादी लांब असली तरी घाबरायचे कारण नाही.

(ब) दुरुस्त होणारे किंवा लेथवर करून मिळणारे सामान : सेल्फ, अल्टरनेटर, रेडिएटर, बुश, पिना, केबिनचा पत्रा, फाळके. यांना वेळ लागतो, पण गाडी कायमची बसत नाही.

(क) मिळाला नाही तर गाडी उभीच राहील असे सामान : गिअर बॉक्समधले गिअर, क्राऊन-पिनियन, क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड, फ्युएल पंपाचे आतले भाग, स्टिअरिंग बॉक्स.

'क' यादीतल्या प्रत्येक भागासमोर तीन गोष्टी लिहा. शेवटचा कधी बदलला, कुठून आणला, आणायला किती दिवस लागले. दुकानदाराला फोन करून "आज आहे का?" एवढेच विचारा. "मागवून देऊ" हे उत्तर "नाही" असेच समजा. 'क' यादीत दोनपेक्षा जास्त भागांना "नाही" आले, तर तो ट्रक हंगामाच्या करारात घालणे जोखमीचे आहे.

वर्षाचा हिशेब

आता पैशाचे बघू. खालील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

समजा, सहाचाकी ट्रक दिवसाला दोन खेपा करून २० टन ऊस आणतो आणि वाहतुकीचे टनाला २५० रुपये मिळतात. रोजचे ५,००० रुपये झाले. डिझेल-ऑईल २,४०० रुपये वजा जाता २,६०० उरले. हंगाम १२० दिवसांचा धरू. ड्रायव्हर-क्लीनरचे रोजचे ९०० रुपये गाडी उभी असली तरी द्यावेच लागतात, ते १,०८,००० झाले. विमा, कर, फिटनेस मिळून ६०,००० धरू.

पहिली गाडी हंगामात आठ दिवस बंद राहिली आणि दुरुस्तीला ५०,००० लागले. चाललेले दिवस ११२, मिळकत २,९१,२००. त्यातून पगार, दुरुस्ती आणि कागदपत्रांचा खर्च काढला की ७३,२०० रुपये उरतात. ही गाडी ठेवावी.

दुसरी गाडी तशीच, पण वीस दिवस बंद राहिली आणि दुरुस्तीला ९०,००० लागले. मिळकत २,६०,०००, खर्च २,५८,०००. उरले २,००० रुपये. वर्षभर डोक्याला ताप, आणि हातात दोन हजार! ही गाडी काढावी.

दोन्ही गाड्यांचे वय एकच असू शकते. फरक पडला तो बारा दिवसांचा आणि चाळीस हजारांचा. हे दिवस आपण लिहून ठेवत नाही. दुरुस्तीचा खर्च पावतीमुळे आठवतो, उभ्या दिवसांची पावती कोणी देत नाही. म्हणून प्रत्येक गाडीवाल्याने एक साधी वही ठेवावी. तारीख, खेपा, टन, डिझेल, बंद असल्यास कारण. एका हंगामाची वही दहा जणांच्या सल्ल्यापेक्षा खरी.

कोणी म्हणेल, मग नवी गाडी घेऊ. तिचाही हिशेब करा. नवी गाडी डिझेल कमी खाते, बंद कमी पडते. समजा ११८ दिवस चालली आणि डिझेल जाऊन रोज २,९०० उरले, तर ३,४२,२०० झाले. पगार १,०८,०००, दुरुस्ती २०,००० आणि विमा-कर ६५,००० वजा जाता १,४९,२०० राहतात. कर्जाचा हप्ता महिन्याला ३५,००० असेल तर वर्षाचे ४,२०,००० भरायचे आहेत. म्हणजे २,७०,८०० रुपये हंगामाबाहेरच्या कामातून यायला हवेत. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, मका, खत यांची भाडी ज्याच्या हातात आहेत त्याने नव्या गाडीचा विचार जरूर करावा. नुसत्या उसावर चार महिने चालणारी गाडी बारा महिन्यांचे हप्ते फेडत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

कागदपत्रांविषयी

"दहा वर्षांवरचे डिझेल बंद होणार" असे कोणी ना कोणी सांगत असतो. दहा वर्षांचा तो आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरासाठी २०१५ मध्ये दिला होता, तो आपल्या भागासाठी नव्हता. या बातमीवर गाडी घाईने विकू नये. मात्र आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील जड गाडीची ही फी १२,५०० रुपये झाली आणि त्यानंतरही दरांत बदल झाले. म्हणून आजची फी आरटीओ कार्यालयात विचारून मगच हिशेबात धरावी.

ठेवायची ठरली तर

१. 'क' यादीतले दोन महत्त्वाचे भाग पावसाळ्यातच घेऊन घरात ठेवा. हंगामात शोधायला निघालेल्याला दुकानदार भाव सांगतो, आधी गेलेल्याशी भाव करतो.

२. एकाच जातीच्या गाड्या असलेल्या चार-पाच सभासदांनी एकत्र यावे. एक थकलेली गाडी भागीत घेऊन तिचे सामान बाकीच्यांना वापरावे. सहकार म्हणजे दुसरे काय?

३. ब्रेक आणि स्टिअरिंगचे सामान मात्र भंगारातून कधीही घेऊ नका. रात्री उसाची गाडी गावातून जाते, रस्त्यावर आपलीच मुले-माणसे असतात.

४. पासिंगपेक्षा जादा भरू नका. जुन्या गाडीचा क्राऊन-पिनियन वयाने जातो त्यापेक्षा जादा वजनाने लवकर जातो.

५. गाडीची खात्री नसेल तर करारावर सही करून उचल घेऊ नका. उचल टोळीला जाते, गाडी बसते आणि कर्ज अंगावर राहते.

काढायची ठरली तर

गाडी चालती असतानाच काढा. चालत्या गाडीला गिऱ्हाईक असते, बसलेल्या गाडीला वजनाचा भाव मिळतो. भंगारात द्यायची तर नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र घ्या. त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली आणि नोंदणी तुमच्याच नावावर राहिली, तर पुढची जबाबदारीही तुमच्याकडेच राहते. सामानासाठी गाडी खोलणार असाल तर आधी आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या.

गाडीवर माणसाचा जीव असतो हे मी जाणतो. याच गाडीने कित्येकांच्या घरावर स्लॅब टाकला, मुलींची लग्ने केली. पण उतरलेला खोडवा आपण मोडतो तेव्हा त्या जमिनीचा अपमान करत नाही, पुढच्या लागणीची सोय करतो. हीच नजर इथे ठेवावी.

यंदाचे वाहतूक करार होण्यापूर्वी गाडीवाल्या सभासदांनी आपली वही आणि तीन याद्या घेऊन शेतकी विभागात यावे. आपण बसून हिशेब करू. वही नसेल तर येत्या हंगामाच्या पहिल्या खेपेपासून सुरू करावी, ही नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी