नावेला मोठे इंजिन लावण्यापूर्वी



आपण वैनगंगेच्या काठची माणसे. नदीपल्याड शेत असले की मजूर, खताची पोती, कधी धानाचे भारेसुद्धा नावेतूनच न्यावे लागतात. २०२४ च्या जानेवारीत याच नदीवर, खाली गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. म्हणून नावेत कोणताही बदल करताना आधी हिशेब करावा.

पुष्कळांना वाटते, जुने ८ अश्वशक्तीचे इंजिन काढून १५ चे लावले की वेग दुप्पट होईल. तसे होत नाही. आपल्या लाकडी नावा पाणी कापीत चालतात. अशी १६ फुटी नाव ताशी १० किलोमीटरच्या आसपास गेली की स्वतःच्याच लाटेत अडकते. मग जोर वाढवला तर पिछाडी खाली बसते, पुढचे टोक वर उठते आणि पेट्रोल जळते.

आता वजन पाहू. ८ अश्वशक्तीचे जुने दोन-स्ट्रोक इंजिन साधारण २७ किलो भरते. १५ अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक सुमारे ५० किलो. शिवाय २४ लिटरची मोठी टाकी भरली की पेट्रोलचेच १८ किलो होतात. म्हणजे मागे ४० किलोंची भर. पाण्यावर ४ चौरस मीटर जागा व्यापणारी नाव ४० किलो मधोमध ठेवल्यास १ सेंटीमीटर खाली जाते. तेच वजन अगदी टोकाला टांगले, तर पेटीसारख्या नावेची पिछाडी सुमारे ४ सेंटीमीटर बुडते आणि पुढचे टोक उचलले जाते. त्यात इंजिन चालवणाराही मागेच बसतो. अशा वेळी इंजिनाचा जोर एकाएकी कमी केला, की मागून येणारी लाट फळीवरून सरळ आत येते.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी आम्ही सुचवतो ती परीक्षा करावी:

१. उथळ व शांत पाण्यात, जुने इंजिन काढून, नव्याच्या वजनाइतकी वाळूची पोती मागच्या फळीशी बांधावीत. टाकी, चालवणारा आणि नेहमीचा भार ठेवावा. मग फळीचा काठ पाण्यापासून किती उरतो ते मोजावे. जुन्या इंजिनाच्या मानाने तो फार उतरला, तर ते इंजिन त्या नावेचे नव्हे.

२. मागची फळी हातोडीने ठोकून पाहावी. भद्द आवाज आला किंवा टोच्या सहज आत गेला, तर लाकूड कुजले आहे. आधी फळी बदलावी. इंजिन नुसत्या शिकंज्यावर न ठेवता आरपार बोल्ट घालावेत व साखळीनेही बांधावे.

३. इंजिनाचा दांडा साधारण ३८ किंवा ५१ सेंटीमीटरच्या फळीसाठी येतो. आपली फळी मोजूनच निवड करावी. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. लांब पडला तर तळाच्या दगडाला लागतो.

४. टाकी पुढे सरकवावी व पक्की बांधावी. चार-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये जुन्या सवयीने तेल मिसळू नये. त्याचे तेल वेगळे भरतात.

५. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याने अंगाला बांधलीच पाहिजे. नावेत जितकी माणसे, तितकी जीवरक्षक जाकिटे हवीत.

६. यांत्रिक नावांची तपासणी व नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते. इंजिन बदलण्यापूर्वी संबंधित कार्यालयात विचारावे.

पुष्कळदा असे दिसेल की जुन्या इंजिनाची दुरुस्ती, योग्य मापाचा पंखा आणि एका खेपेऐवजी दोन खेपा, एवढ्यानेच काम भागते. दुसऱ्या खेपेला थोडा वेळ जास्त जाईल. पण रोवणीला गेलेली सारी माणसे दिवेलागणीला घरी परत आली पाहिजेत. इंजिन निवडताना हेच माप आधी लावावे.