जुना ट्रॅक्टर विकत घेताना घ्यावयाची दक्षता

नवीन ट्रॅक्टर घेण्याइतके भांडवल प्रत्येक शेतकऱ्यापाशी नसते. अशा वेळी वापरलेला ट्रॅक्टर घेणे गैर नाही. तथापि केवळ ताज्या रंगास भुलून केलेली खरेदी पुढे दुरुस्तीपायी महाग पडते. आणि ऐन पेरणीत यंत्र बंद पडले, तर वापसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून पुढील क्रमाने परीक्षा करावी.

इंजिन : आपण येण्यापूर्वी ट्रॅक्टर चालू करू नये, असे विक्रेत्यास अगोदर सांगावे. गरम इंजिन सहज सुरू होते. खरी कसोटी थंड इंजिनाची. प्रथम तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ असल्यास त्यात पाणी उतरले आहे, असे समजावे. रेडिएटरमधील पाण्यावर तेलाचा तवंग असल्यास हेड गॅस्केटचा दोष संभवतो. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिल्यास तेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा वा लायनर झिजल्याचे हे लक्षण होय. काळा धूर मात्र पुष्कळदा एअर क्लीनर तुंबल्याने येतो व तो दोष अल्प खर्चात दूर होतो.

चाल व उचल : ट्रॅक्टर भार ओढीत प्रत्येक गिअरमध्ये चालवावा. गिअर आपोआप निसटत असल्यास पेटी उघडावी लागेल. दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणे तपासावेत. नांगर हायड्रॉलिकवर उचलून इंजिन बंद करावे. तो झपाट्याने खाली आल्यास आतील सील वा झडप गळते. तास दाखविणाऱ्या मीटरवर विसंबू नये. पेडलांची झीज व स्टिअरिंगचा ढिलेपणा अधिक खरे सांगतात.

सुटे भाग : ते जवळच्या बाजारात मिळतात काय, याची चौकशी करावी. एच. एम. टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र शासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली. अशा ट्रॅक्टरविषयी ही चौकशी विशेष अगत्याची आहे.

कागदपत्रे : नोंदणी पुस्तकातील चेसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असल्यास तिचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळाल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात.

शेवटी, विश्वासू मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज घ्यावा व तो सांगितलेल्या किमतीतून वजा करून मगच बोलणी करावी.