म्हशीच्या जीनोममध्ये प्रतिकारशक्तीची जनुकं कशी सापडतात?

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये शेजारच्या वाशिमला गाई-म्हशींचा डीएनए तपासणाऱ्या 'गौचिप' आणि 'महिषचिप' जाहीर झाल्या. आमच्याकडे पूर्णाथडी म्हशी आणि दोन गाई आहेत. २०२२ च्या लंपीत एकाच दावणीची एक गाय अंगभर गाठी येऊन आजारी पडली, दुसरीला काहीच झालं नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकणारा माझा मुलगा म्हणतो की जीनोममधून रोगप्रतिकाराची जनुकं शोधून काढणारं सॉफ्टवेअर असतं. मग आमच्या जनावरांचं रक्त घेऊन त्यातली दणकट कोणती, हे सांगता येईल का?
— एक पशुपालक, नांदुरा तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : मुलगा म्हणतो ते खरं आहे, असं सॉफ्टवेअर आहे. पण महिषचिप म्हणजे ते नव्हे. आणि 'ही दणकट, ती नाजूक' असा निकाल आज या दोन्हींतून मिळणार नाही. का मिळणार नाही, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी चिपचं सांगतो. चिप अख्खा जीनोम वाचत नाही. डीएनएतल्या आधीच ठरवलेल्या हजारो जागांवर कोणतं अक्षर आहे, एवढंच ती पाहते. दुधाच्या दृष्टीने चांगला वळू लहानपणीच निवडायला तिचा मोठा उपयोग आहे. मात्र या जागा निवडताना एक पथ्य पाळावं लागतं: तिच्यासारखी दुसरी जागा जीनोममध्ये नसावी, नाहीतर वाचन चुकतं. तुम्ही विचारताय ती जनुकं याच्या अगदी उलट आहेत. एकाच वळणाच्या कितीतरी प्रती तिथे एकमेकींना खेटून उभ्या असतात. त्यामुळे तो भाग चिपच्या नजरेतून बराचसा निसटतो.

आता ती जनुकं. रक्तातल्या बी-पेशी अँटिबॉडी बनवतात आणि टी-पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने रोगजंतू ओळखतात. रोगजंतू अगणित, मग प्रत्येकासाठी वेगळं जनुक असणार कसं? हे कोडं जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे सोडवलं. १९८७ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. त्यांनी दाखवलं की अँटिबॉडीचं तयार जनुक आईबापाकडून मिळतच नाही. मिळतात ते सुटे तुकडे, ज्यांना व्ही, डी आणि जे म्हणतात. प्रत्येक बी-पेशी वाढताना यातला एकेक तुकडा उचलते, मधला डीएनए कापून टाकते आणि तुकडे जोडते. जोडावर काही अक्षरं गळतात, काही नवी घुसतात. माणसात अँटिबॉडीच्या जड साखळीसाठी कामाचे व्ही तुकडे ४० च्या आसपास, डी साधारण २३ आणि जे ६ आहेत. नुसत्या जोडण्याच साडेपाच हजार झाल्या. जोडावरची उलथापालथ आणि हलकी साखळी धरली तर हिशेब राहत नाही.

गाईची गोष्ट याहून अचंबा वाटावी अशी आहे. तिच्याकडे कामाचे व्ही तुकडे जेमतेम डझनभर. पण तिचा एक डी तुकडा चांगला दीडशे अक्षरांच्या घरातला आहे, आणि तो वापरून बनलेल्या अँटिबॉडीला एक लांबलचक दांडा व त्याच्या टोकाला गाठ येते. हा दांडा विषाणूच्या खोल खाचेत शिरू शकतो, जिथे माणसाची अँटिबॉडी पोचत नाही. २०१७ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी ४ वासरांना एचआयव्हीच्या आवरणासारखं प्रथिन टोचलं. चारही जनावरांत प्रभावी अँटिबॉडी झपाट्याने तयार झाल्या. एका जनावराच्या रक्ताने ३८१ दिवसांत, तपासलेल्या विषाणू-प्रकारांपैकी ९६ टक्के निकामी केले. दावणीला बांधलेल्या जनावराच्या अंगात एवढी विद्या आहे, आणि तिचं मूळ एका डी तुकड्यात आहे. तो तुकडा जीनोममध्ये कुठे आहे हे कुणीतरी आधी शोधून लिहून ठेवलं, म्हणूनच ही गोष्ट उलगडली.

हे शोधून लिहून ठेवणं म्हणजेच ॲनोटेशन. जीनोम वाचून हाती येते ती सलग अक्षरांची रांग. म्हशीच्या बाबतीत सुमारे २६५ कोटी अक्षरांची. नुसती जमीन असावी आणि गट नंबर, चतुःसीमा काहीच नसावं, तसं ते असतं. ॲनोटेशन करणारं सॉफ्टवेअर त्यावर मोजणी करून प्रत्येक तुकड्याची सुरुवात, शेवट आणि प्रकार नोंदवतं. साध्या जनुकांसाठी अशी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चालू आहेत, पण या तुकड्यांपुढे ती अडतात. व्ही तुकडा सुमारे ३०० अक्षरांचा असतो आणि नेहमीच्या जनुकासारखा संपत नाही. डी तर माणसात ११ अक्षरांइतकाही लहान आहे. हिशेब करून पाहा: ११ अक्षरांचा एखादा ठरावीक शब्द म्हशीच्या जीनोममध्ये, एकाच बाजूने वाचत गेलं तरी, निव्वळ योगायोगाने सहाशेच्या वर ठिकाणी सापडेल. खरा डी त्यातला कोणता?

ओळख पटते ती खुणेवरून. पेशीलाही कुठे कापायचं हे कळावं लागतं, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या कडेला खूण असते: आधी ७ अक्षरं, सी-ए-सी-ए-जी-टी-जी, मग १२ किंवा २३ अक्षरांची मोकळी जागा, मग ९ अक्षरं, ए-सी-ए-ए-ए-ए-ए-सी-सी. एक-दोन अक्षरं इकडची तिकडे होतात, पण पहिली तीन, सी-ए-सी, सहसा ढळत नाहीत. जड साखळीत व्ही आणि जे यांच्या कडेला २३ वाली खूण असते आणि डीच्या दोन्ही बाजूंना १२ वाली. पेशी १२ ला २३ शीच जोडते, त्यामुळे व्हीला थेट जे चिकटत नाही. सॉफ्टवेअर हीच शिस्त वापरतं. व्ही सापडला असं वाटलं, तर कडेला खूण आहे का, ठरलेल्या जागी सिस्टीन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं येतात का, मध्येच थांबण्याचा संकेत तर नाही ना, हे ते तपासतं. या कसोट्यांवरून तुकडा कामाचा की निकामी अवशेष, ते ठरतं. अशा निकामी अवशेषांची या भागात खूप गर्दी असते.

या कामाची शिस्त घालून दिली ती फ्रान्समधल्या माँपेलिए इथे १९८९ साली मारी-पॉल लफ्राँ यांनी सुरू केलेल्या आयएमजीटीने. तुकड्यांची नावं, क्रमांक, कामाचा-निकामी ही वर्गवारी आज जगभर त्यांच्याच पद्धतीने होते. अलीकडची साधनं म्हणजे मुख्यतः खुणांच्या मागावर जाणारं 'आयजीडिटेक्टिव्ह', आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेलं 'डिगर'. डिगर आधी माहीत असलेल्या तुकड्यांशी साम्य शोधतं, मग वरच्या सगळ्या कसोट्या लावतं. ते मोफत आहे, मुलाला कॉलेजच्या संगणकावरही चालवून पाहता येईल.

अडचण सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. डिगरला द्यायला जीनोम अखंड हवा. दीडशे-दीडशे अक्षरांचे वाचलेले तुकडे जोडून जीनोम बनवला, तर एकसारख्या प्रती एकमेकांत मिसळतात आणि पाचाच्या जागी दोनच दिसतात. त्यासाठी एका दमात दहा-वीस हजार अक्षरं वाचणारी यंत्रं लागतात. दुसरं म्हणजे डीएनए कोणत्या पेशीतून घेतला याला महत्त्व आहे. वाढवलेल्या बी-पेशींमधून घेतला, तर त्यांनी मधले तुकडे आधीच कापून टाकलेले असतात, आणि जे मूळचं आहे तेच गायब दिसतं.

म्हशीचा उत्तम दर्जाचा संदर्भ-जीनोम २०१९ साली आला, तो भूमध्यसागरी जातीच्या म्हशीचा. आपल्याकडे मुऱ्हा म्हशीवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने काम केलं आहे. पूर्णाथडी ही पूर्णेच्या खोऱ्यातली, अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात वाढलेली भुऱ्या रंगाची म्हैस. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. माझं स्पष्ट मत आहे की नोंदणीवर थांबू नये. गाईची किंवा परदेशी म्हशीची यादी घेऊन पूर्णाथडीत शोध घेतला, तर त्या यादीशी मिळतंजुळतं तेवढंच सापडेल. इथली उष्णता, इथलं खारं पाणी, इथल्या गोचिडांमध्ये पिढ्यान् पिढ्या टिकून तिने जे वेगळं कमावलं असेल, ते तिच्याच अखंड जीनोममधून बाहेर येईल. अकोल्याची पशुवैद्यक संस्था तुमच्यापासून जवळ आहे आणि नागपूरला पशुवैद्यक विद्यापीठ आहे. हे काम विदर्भातच उभं राहायला हवं.

आता तुमच्या दोन गाई. एकीला लंपी झाली आणि दुसरीला नाही, याला किती माश्या-डास चावले, लस कधी मिळाली, वय, गाभणपण, खाणंपिणं अशी अनेक कारणं असू शकतात. जनुकांमध्येही व्ही-डी-जे हा एकच भाग झाला. रोगजंतूचा तुकडा टी-पेशीला दाखवणारी जनुकं वेगळीच आहेत. म्हणून एका जनावराच्या तुकड्यांची यादी हाती आली, तरी तिच्यावरून गाय विकायचा किंवा ठेवायचा निर्णय करू नका.

याच विज्ञानातून निघालेली एक गोष्ट मात्र आजच उपयोगाची आहे. वासराला किंवा रेडकाला आईकडून मिळतात ते सुटे तुकडे. आईने आयुष्यभर घडवलेल्या अँटिबॉडी मिळत नाहीत. गाई-म्हशींत त्या वारेतूनही पिलाकडे जात नाहीत. त्या मिळतात फक्त चिकातून, आणि पिलाचं आतडं त्या पहिल्या काही तासांतच चांगल्या शोषतं. दिवस उलटला की तो मार्ग बंद होतो. जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, अशी समजूत अजून पुष्कळ गोठ्यांत आहे. ती सोडा. व्याल्यावर दोन तासांच्या आत पाजायला सुरुवात करा आणि पिलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात विभागून पोटात जाऊ द्या. लस वेळेवर टोचून घ्या.

आणखी एक करा. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. त्या क्रमांकासमोर लस, आजार, वेत, कुणाला लंपी झाली आणि कुणाला नाही, हे तारखेसह एका वहीत लिहीत जा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या नोंदीशी जुळवून घ्या. उद्या पूर्णाथडीचे जीनोम वाचले गेले, तर कोणता तुकडा कोणत्या जनावराच्या कामी आला हे पडताळायला याच नोंदी लागतील.