रंगाचे किती हात?

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पहिल्यांदा गेले, ती वीस मिनिटांत बाहेर आले. काही कळलं नाही, आणि कळलं नाही याचाच राग आला. दुसऱ्यांदा गेले ती मामाला घेऊन. मामाची हयात वसईच्या पाचूबंदरला होड्या रंगवण्यात गेली. त्या दोन फेऱ्यांत शिकले ते असं :

1. सोमवारी जाऊ नका. संग्रहालय बंद असतं. हे मला बंद दारापुढे उभं राहिल्यावर समजलं. ती फेरी तर मी मोजतही नाही. रविवारी रेल्वेच्या जम्बो ब्लॉकची धास्ती. मधला वार बरा.

2. पाय राखून ठेवा. वसईला विरार फास्टमध्ये चढलं की चर्चगेटपर्यंत उभं राहण्याचीच तयारी हवी. पाय दुखत असले की चित्रापेक्षा बाकडं सुंदर दिसतं. आम्ही गर्दी ओसरल्यावर निघालो, उलटे विरारला गेलो आणि खिडकी धरली.

3. आधी वास्तू बघा. हा जुना सर कावसजी जहांगीर हॉल. 1911 सालचा, जॉर्ज विटेट यांनी आखलेला. इथे सभा झाल्या, मैफली झाल्या, मुष्टियुद्धं झाली, लग्नंही लागली. 1996 मध्ये तो आधुनिक चित्रांचं घर झाला. आत अर्धगोल मजले चढत चढत घुमटापर्यंत जायचं. "लग्नं लागायची इथं?" म्हणून मामा एकदम सैलावला. परक्या जागेचं दडपण तिथेच गेलं.

4. सगळं बघायचा हट्ट सोडा. पहिल्या खेपेला मी जत्रेतल्यासारखी दुकानामागून दुकान करत गेले. दुसऱ्यांदा आम्ही तीनच चित्रं नीट पाहिली. ती अजून डोळ्यांपुढे आहेत.

5. पाटी शेवटी वाचा. वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राची पाटी मी आधी वाचली. त्यावर 'शीर्षक नाही' एवढंच. मी हिरमुसले. मामा पाटीकडे फिरकलाच नाही.

6. आपल्या हाताला जे ठाऊक आहे, तिथून सुरुवात करा. हा धडा सर्वांत मोठा. मामा त्या चित्रासमोर उभा न राहता कडेला गेला, मान तिरकी केली आणि होडीच्या फळीवर उजेड कसा पडतो ते बघावं तसा बघू लागला. "एक हात नाही हा," तो म्हणाला. "खाली पिवळा दिलाय. तो वाळू दिलाय. मग वरचा चढवून पट्टीनं परत ओढून काढलाय. घाई केली असती तर सगळा चिखल झाला असता."
घरी येऊन वाचलं : गायतोंडे खरोखरच रोलर आणि रंगाची सुरी वापरत, थरावर थर चढवत, काढत. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करत. मामाला सांगितलं, तर म्हणाला, "मग? तेवढा वेळ लागतोच."

7. हात मात्र पाठीशी बांधा. मामाचं बोट कॅनव्हासच्या दिशेनं निघालं तेव्हा रक्षकानं "काका, मागे" म्हटलं. मामा ओशाळला, पण मला वाटतं, बोट पुढे जावंसं वाटणं ही दादच.

8. वेळ उरला तर रस्ता ओलांडा. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात (तिकीट वेगळं) आपल्या वसईतल्या भुईगावला 1956 साली सापडलेला अशोकाच्या नवव्या लेखाचा दगड आहे. ब्राह्मी अक्षरं, आम्हां दोघांनाही एक वाचता येईना. तरी आम्ही बराच वेळ उभे होतो. छिन्नीचा घाव कुठे खोल गेलाय, कुठे अक्षर झिजलंय, हे मामा दाखवत होता.
बाहेर पडताना तो सहज म्हणाला, "हेही कळलं नाहीच की. पण यावर तू चिडली नाहीस."