पत्राचा साचा

विटा पाडणारा गडी दर विटेला माप घेत बसत नाही. त्याच्याजवळ साचा असतो. चिखल नवा, साचा तोच. ई-मेलच्या पत्राचाही असा साचा करून ठेवता येतो. तो कसा, ते आपण पाहू.

कालव्याच्या शेवटाला ज्यांची शेते आहेत त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. पाळी सुरू झाली, चारीला पाणी सुटले, पण शेवटच्या शेतापर्यंत आलेच नाही. गहू ओंबीवर आलेला. अशा वेळी पाणी वापर संस्थेचे पत्र त्याच दिवशी पाटबंधारे शाखेला गेले पाहिजे. घाईत लिहायला बसले की काय होते? चारीचा नंबर राहून जातो. पाणी कोणत्या तारखेपासून नाही, ते राहते. रागाच्या दोन ओळी मात्र हमखास जातात! मग शाखेतून विचारणा येते, "चारी कोणती?" आणि तेवढ्यात पाळी संपते. २००५ च्या कायद्याप्रमाणे संस्थेला पाणी मोजून मिळायचे असते. म्हणून पत्रात आकडे हवेतच.

तेव्हा पत्र पाळीच्या आधी, निवांतपणे लिहावे. थंडरबर्ड हा ई-मेलचा प्रोग्राम संगणकावर फुकट घेता येतो. त्यात नवे पत्र उघडा. संस्थेचे नाव, गाव, चारीचा नंबर असे जे कधी बदलत नाही ते नीट लिहा. जे दर वेळी बदलते तिथे चांदणी टाका. असे:

"चारी क्रमांक ४. दिनांक * पासून शेवटच्या * एकरांना पाणी पोचलेले नाही. आजवर * तास पाणी मिळाले."

ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता मात्र रिकामा ठेवा. पत्ता नसला की पाठवण्याचे बटण चालतच नाही, त्यामुळे अर्धे पत्र चुकून जायची भीती नाही.

आता वरच्या 'फाइल'मध्ये जा, 'सेव्ह ॲज' घ्या आणि 'टेम्प्लेट' निवडा. टेम्प्लेट म्हणजेच साचा. तो 'टेम्प्लेट्स' नावाच्या कप्प्यात जाऊन बसतो. शेजारी 'ड्राफ्ट्स' असाही कप्पा असतो, पण तो वेगळा बरं का. ड्राफ्ट म्हणजे कच्चे पत्र. ते पाठवले की कप्प्यातून जाते. साचा मात्र कितीही पत्रे काढली तरी जागेवर राहतो.

गरज पडली की साच्यावर माऊसचे उजवे बटण दाबा आणि 'न्यू मेसेज फ्रॉम टेम्प्लेट' घ्या. पत्राची नवी प्रत उघडेल. साचाच बदलायचा असेल, समजा चारीचा नंबर बदलला, तर 'एडिट टेम्प्लेट' घ्या आणि पुन्हा साचा म्हणूनच साठवा.

प्रत उघडली की चांदण्या पुसून तिथे आकडे भरा. पत्र एकदा मोठ्याने वाचा. एकही चांदणी उरली नाही ना, हे पाहा. मग पत्ता घाला आणि पाठवा.