ओट्याखालची जमीन

पाटबंधारे खात्यात ३४ वर्षे चाकरी करून, आणि त्यांतली निम्मी वर्षे कालव्यांच्या काठाने दुर्बीण व पट्टी घेऊन हिंडण्यात घालवून जो मनुष्य निवृत्त झाला, किलोमीटरमागे वीस-पंचवीस सेंटिमीटरांहून अधिक उतार पडू न देता पाणी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेणे हाच ज्याचा उदरनिर्वाहाचा धंदा होता, त्याच्याच स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांची ट्रॉली अपरात्री आपोआप उघडावी आणि गृहिणीने तिला लाकडी स्टुलाचा टेकू देऊन निजावे, ही गोष्ट वास्तविक चारचौघांत सांगण्याजोगी नव्हे. तरीही ती सांगावयास बसलो आहे. कारण आमच्या गल्लीत हल्ली एकाआड एक घरी जुना ओटा फोडण्याचे काम निघाले आहे, आणि सल्ल्याला येणारा प्रत्येक गृहस्थ दारांच्या रंगाविषयी तासभर बोलतो, पण ती दारे ज्या भुईवर उभी राहावयाची तिच्याविषयी चकार शब्द काढीत नाही. मीही काढला नव्हता.

आमचे घर सांगलीतले, वडिलांनी १९५८ साली बांधलेले. जोते चांगले तीन फूट उंच, भिंती विटांच्या, आणि स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, जिच्यावर लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडले तर चुनखडीचा तो दगड पांढरा डाग कायमचा धरून ठेवतो. त्या काळी स्वयंपाकघर रोज बादलीभर पाणी ओतून धूत असत. म्हणून गवंड्याने सबंध जमिनीला मोरीकडे ढाळ दिला होता, आणि तो दोष नसून कौशल्य होते. त्या ढाळावर विटांचे पाय रचून, वर कडप्प्याचे दगड टाकून जो ओटा बांधला गेला, त्याचे प्रत्येक पाऊल जागेवर, ओल्या चुन्यात पडले होते. एका टोकाला चुन्याचा थर बोटभर, तर दुसऱ्या टोकाला दोन बोटे. जमिनीची वाकडी चाल गवंड्याच्या थापीने मधल्यामध्ये जिरवून टाकली, आणि पन्नासांहून अधिक वर्षे कोणाला तिची गंधवार्ता लागली नाही. आताची कपाटे कारखान्यात काटकोनात कापलेल्या पेट्यांच्या रूपाने येतात. त्यांच्या अंगी चुन्याची समजूत नसते. जमीन जेवढी चुकली असेल तेवढी चूक त्या जशीच्या तशी उचलून दारांपर्यंत, खणांपर्यंत आणि वरच्या दगडापर्यंत पोहोचवितात. जुना ओटा नि नवी कपाटे यांतला हा भेद माझ्या ध्यानी वेळीच आला असता, तर पुढचा सारा खर्च वाचता.

काम ज्या ठेकेदाराला दिले त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. करारनामा झाला, बयाना दिला, गौरी बसण्यापूर्वी काम पुरे करण्याची मुदत ठरली. ओटा फोडल्यावर पेट्या घेऊन आलेला वयस्कर मिस्त्री पहिली पेटी भिंतीशी टेकवून, एक डोळा मिटून तिच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “रावसाहेब, पेटी सरळ हाय, भुईच वाकडी हाय. भुई बघा की आधी.” मी ठेकेदाराकडे पाहिले. त्याने खिशातून तळहाताएवढी पाणसळ काढून फरशीवर ठेवली, बुडबुडा बव्हंशी मधोमध थांबला, आणि त्याने निर्वाळा दिला की, पेट्यांच्या पायांना आटे असतात, ते फिरवले म्हणजे सगळे जुळून येते. कालव्याच्या कामावर एखाद्या कारकुनाने वीतभर लांबीच्या पाणसळीने बारा फुटांचा निवाडा केला असता, तर मी त्याला दिवसभर उन्हात उभा केला असता. घरी मात्र गौरी जवळ आल्या होत्या.

आटे पुरले नाहीत. त्या पायांना वर-खाली होण्यास सुमारे दोन सेंटिमीटर वाव असतो; मोरीच्या टोकाला तो संपला, तेव्हा पुढच्या पायांखाली प्लायवुडच्या कापांच्या पाचरा ठोकल्या गेल्या, आणि पुढे फळी लावून ते सारे झाकले गेले. गौरीच्या जेवणाला आलेल्या मंडळींनी स्वयंपाकघराची वाखाणणी केली, तीही मी मान झुकवून स्वीकारली.

पुढच्या श्रावणात पहिली तक्रार आली. ट्रॉली रात्री उघडते. आवाज अगदी हळू, चाकांचा खर्र असा, आणि शेवटी डबे एकमेकांवर आपटल्याचा. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, घरात कोणी शिरलंय.” कोणी शिरलेले नव्हते, रोज फरशी पुसताना पाणी फळीखालून आत जात होते, प्लायच्या पाचरा भिजून, पापुद्रे सुटून दबल्या होत्या, आणि पेटी पुढच्या अंगाला काही मिलिमीटर कलली होती. दहा किलो डाळ खाली ओढण्यास तेवढा कल पुष्कळ होतो. मग दोन दारांच्या कडा एकमेकींना घासू लागल्या. बिजागऱ्या पिळून ते तात्पुरते मिटविले. दिवाळीच्या सुमारास शेगडीसाठी ग्रॅनाइटमध्ये जे चौकोनी भोक कापलेले असते, त्याच्या पुढची तीन बोटे रुंदीची पट्टी एका कोपऱ्यापासून केसासारखी तडकली. दगडाचा सर्वांत अशक्त भाग तोच, आणि त्याच्याच खालचा आधार खचत चाललेला. ती रेघ नखाने चाचपून पाहताना मला मिस्त्रीचा मिटलेला डोळा आठवला.

मग मात्र मी खात्यातला माणूस झालो. कपाटे बाहेर काढविली आणि गवंड्याकडून पाण्याची नळी मागवली. अर्धा इंच जाडीची, पंचवीसेक फुटांची, पारदर्शक प्लॅस्टिकची ही नळी प्रत्येक गवंड्याच्या पिशवीत असते, आणि बारा फुटांच्या खोलीपुरती ती माझ्या सरकारी दुर्बिणीच्या तोडीची आहे. फक्त तिला वापरण्याची शिस्त हवी. पाणी सावकाश भरावे, म्हणजे आत बुडबुडे अडकत नाहीत; एकही बुडबुडा राहिला तर मोजणी खोटी पडते. प्रथम दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एकाच पातळीत थांबते की नाही याची खातरजमा करावी. वाचताना दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत, एकावर जरी अंगठा दाबलेला असला तरी पाणी खरे बोलत नाही. अशा रीतीने भिंतीवर जमिनीपासून अदमासे मीटरभर उंचीवर एक समतल रेषा आखून घेतली, आणि तिच्यापासून फरशीपर्यंतचे अंतर दर फुटाला मोजले: भिंतीलगत १३ ठिकाणी, आणि पेट्यांचे पुढचे पाय जेथे येतात त्या ओळीत आणखी १३. पुढच्या ओळीसाठी तीच रेषा नळीने एका उभ्या पट्टीवर उतरवून घ्यावी लागते, इतकेच. ज्या ठिकाणी आकडा सर्वांत लहान, तेथे जमीन सर्वांत उंच. हे सोपे वाटते, पण घाईत माणूस नेमके उलटे लिहितो.

दाराकडच्या कोपऱ्यात १००० मिलिमीटर आले. शेगडीच्या जागी ९९६, म्हणजे तेथे जमिनीला उंचवटा. तेथून आकडे वाढत गेले आणि मोरीच्या कोपऱ्यात, पुढच्या ओळीत, १०२७. एकंदर तफावत ३१ मिलिमीटर, एका भिंतीच्या लांबीत. ज्या उतारावर मी कालवे चालविले त्याच्या मानाने हा ओढ्याचा उतार म्हणावा लागेल.

येथे थांबून हा खड्डा भरून काढला असता तर दुसऱ्यांदा तोच मूर्खपणा घडला असता, कारण आकडे जमीन किती खाली गेली ते सांगतात, का गेली ते सांगत नाहीत. वडिलांच्या गवंड्याने दिलेला ढाळ मला ठाऊक होता. तो सबंध जमिनीला सारखा असावयास हवा, पण आमचे आकडे शेवटच्या चार फुटांत एकदम घसरत होते. लोखंडी सळईच्या टोकाने फरशी वाजवत गेलो. दाराकडे ठणठणीत नाद, मोरीकडे भद्द. तेथली फरशी उपटली, तर खाली हात मनगटापर्यंत जाईल एवढी पोकळी, आणि तिच्या तळाशी मोरीच्या जुन्या चिनीमातीच्या नळाचा सांधा उघडा पडलेला. किती वर्षे कोण जाणे, दर आंघोळीचे पाणी थोडे थोडे भरावातला मुरूम वाहून नेत होते. भरावाखाली आमच्याकडची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्या पोटात बारमाही गळते पाणी सोडले, तर वरची जमीन जागेवर राहील अशी अपेक्षा कोणी करू नये.

दुरुस्तीचा क्रम सांगतो, कारण तो उलटसुलट केल्यास पैसा वाया जातो. आधी नळ: जुना काढून नवा बसवला, खालचे तोंड बंद करून तो रात्रभर पाण्याने भरून ठेवला, आणि सकाळी पाण्याची खूण तसूभरही उतरली नाही हे पाहिल्यावरच त्यावर माती पडू दिली. मग काळी माती दीड फुटापर्यंत काढून टाकली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून, धुम्मसाने ठोकून भरला. एकदम दीड फूट ओतून वरून ठोकणारा गवंडी भेटला तर त्याला तेथेच थांबवावे, खालचा मुरूम मोकळाच राहतो. त्यावर चार इंच काँक्रीट, एकास चार, आठ या प्रमाणात, आणि वर फरशी एकास सहाच्या मसाल्यात.

मोरीकडचा ढाळ मी मोडला नाही. सांडलेले पाणी कोठे तरी गेलेच पाहिजे. मात्र कपाटांच्या खाली भिंतीलगत दोन इंच उंचीचा, नळीने तपासलेला, सपाट कट्टा करून घेतला, पेट्यांच्या खोलीपेक्षा तीन इंच अरुंद, म्हणजे उभे राहणाऱ्याच्या पायांच्या बोटांना जागा मिळते; आणि ढाळ, मीटरला एक सेंटिमीटर, त्या कट्ट्याच्या पुढून सुरू केला. पेट्यांना सपाटी आणि पाण्याला उतार, या दोन परस्परविरुद्ध मागण्या एकाच फरशीकडे करण्याचे कारण नाही.

सात दिवस ओली गोणपाटे अंथरली. त्यानंतरचे वाळविणे अधिक कठीण गेले, कारण त्यात करण्यासारखे काही नसते. मी फरशी बसवण्यापूर्वी काँक्रीटवर दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवीत असे. खालच्या अंगाला दव दिसले की आणखी आठवडा. पाच आठवडे आमचा स्वयंपाक पडवीत, दोन शेगड्यांवर झाला. सौभाग्यवतींनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, पण त्या पाच आठवड्यांत एकदाही पुरणपोळी झाली नाही, हे येथे नमूद करतो.

प्रत्येकाला इतके खणावे लागेल असे नाही. फरशी सर्वत्र ठणठणीत वाजत असेल आणि तफावत सेंटिमीटरच्या आत असेल, तर पायांचे आटे पुरतात. फक्त पहिली पेटी जमिनीच्या सर्वांत उंच ठिकाणी ठेवावी आणि बाकीच्या तिच्या पातळीला वर उचलाव्यात. किमान उंचीच्या खाली उतरविण्याची सोय कोणत्याच पायाला नसते. मधेच उंचवटा असेल तर तो यंत्राने घासून उतरविता येतो. तफावत थोडी अधिक पण जमीन पक्की असेल, तर पाण्यासारखा पसरून आपोआप सपाट होणारा तयार मसाला बाजारात मिळतो. तो गुळगुळीत फरशीवर, खरवडल्यावाचून आणि प्रायमर लावल्यावाचून ओतला तर पापुद्र्यासारखा सुटून येतो. पोकळ वाजणाऱ्या फरशीवर ओतला, तर खड्डाही राहतो आणि पैसेही जातात. पाचरा मारावयाच्याच झाल्या तर प्लॅस्टिकच्या माराव्यात, लाकूड किंवा प्लाय भुईला लागू देऊ नये, ‘वॉटरप्रूफ’ असा शिक्का असला तरीही, कारण कापलेली कड पाणी पिते. वरची कपाटे टांगण्यापूर्वी भिंतीला ओळंबा लावावा. जुन्या भिंतीही जमिनीइतक्याच निरागसपणे वाकड्या असतात.

करारनाम्यात एक कलम मी दुसऱ्या खेपेस स्वतःच्या हाताने घातले: पेट्या आणण्यापूर्वी कट्ट्याची पातळी मालकाच्या समक्ष नळीने तपासली जाईल, तफावत ३ मिलिमीटरांहून अधिक आढळल्यास काम पुढे जाणार नाही, आणि शेवटचा हप्ता भरलेली ट्रॉली अर्धी उघडी सोडून ती जागेवर थांबते हे पाहिल्यावर अदा होईल. मिस्त्री तोच बोलावला होता. हे कलम वाचून तो हसला, पण ट्रॉलीत दहा किलो डाळ त्यानेच भरली, ती अर्धी ओढली आणि चहा संपेपर्यंत तिच्याकडे पाहत बसला. दुरुस्तीचा एकूण खर्च कपाटांच्या मूळ किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेला, ग्रॅनाइट वेगळे.

त्या २६ आकड्यांचे कोष्टक, नव्या कट्ट्याच्या आकड्यांसह, मी मोरीशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे, दिनांक घालून, आणि भिंतीवरच्या रेषेची खूण एका बारीक खिळ्याने कायम केली आहे, म्हणजे माझ्यानंतर कोणी मोजले तर त्याला मूळ पातळी शोधावी लागू नये. गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा नळी लावली. सगळे आकडे जागच्या जागी आहेत, एक मोरीच्या कोपऱ्यातला सोडून. तेथे २ मिलिमीटर अधिक आले. ही तफावत जमिनीची की माझ्या चष्म्याची, ते येत्या मार्गशीर्षातल्या मोजणीत पाहू. तोवर शेजारी पेन्सिलीने ‘तपासणे’ असा शेरा मारून ठेवला आहे.