वळवाआधी रोटेटरची केबल

अगं, तुझ्या अंगणातल्या टॉवरवरच्या यागीचा फोटो पाहिला. मास्ट ओळंब्यात आहे, कोॲक्सला ड्रिप लूप सोडलायस, स्टे वायरही नीट ताणल्यात. शाब्बास. पण त्याच फोटोत एक करडी केबल दिसतेय, अँटेना वळवणाऱ्या रोटेटरमधून निघून खिडकीच्या फटीतून थेट शॅकमध्ये घुसलेली. आज तिच्याविषयी बोलू. एप्रिल लागलाय, वळीव काही आपल्याला विचारून येत नाही.

आपल्या हॅम मंडळींची एक ठरलेली सवय असते. आभाळ काळवंडलं की रिगमागचा कोॲक्स उपसायचा, बँडवर क्यूआरटी सांगायचं आणि चहा टाकायचा. रोटेटरची केबल मात्र तशीच राहते. ‘ती तर नुसती मोटरची वायर’ असं वाटतं ना, तिथेच फसगत होते. कोॲक्सची निदान जाळी तरी टॉवरला बांधलेली असते. या केबलमध्ये सहा तारा (हाय-गेनचा हॅम-फोर असेल तर आठ) अँटेनाच्या पायथ्यापासून निघतात आणि मध्ये कुठेही न थांबता तुझ्या टेबलावर येतात. तिथला कंट्रोल बॉक्स 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये. तू उपग्रहांमागे फिरणारी, म्हणजे यूएसबीने तो कॉम्प्युटरलाही जोडलेला असणार. झालं की! घरातला सगळ्यात उंच लोखंडी खांब, घराचं वायरिंग आणि तुझा लॅपटॉप एका माळेत ओवले गेले. वीज टॉवरवरच पडायला हवी असंही नाही. चार घरं सोडून नारळावर पडली तरी एवढ्या लांब तारेत नाजूक सर्किट जाळण्यापुरता दाब सहज उभा राहतो.

यात मोटर सहसा मरत नाही, तिचं वाइंडिंग दणकट असतं. मरतो तो आतला पॉट, म्हणजे अँटेना कुठे वळलीय हे काट्याला सांगणारा बारक्या तारेचा रेझिस्टर, आणि कंट्रोल बॉक्समधल्या आयसी. वादळानंतर काटा एका टोकाला चिकटून बसला की बहुतेकदा हीच भानगड. पॉट काही महाग वस्तू नाही गं, पण तो बदलायला बीम उतरवावी लागते, मास्ट उचलून धरावा लागतो, आणि वर चढणारा भरवशाचा माणूस ऐन मे महिन्यात मिळता मिळत नाही.

आता वरून सुरुवात करू. अँटेनावर आलेला प्रवाह मास्टमधून खाली उतरतो आणि टॉवरमध्ये जायला त्याला रोटेटरच्या बेअरिंगमधून जावं लागतं. गोळ्या आणि रेस यांचा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढा. तिथे ठिणगी उडाली की पृष्ठभागावर खड्डे पडतात, आणि मग रोटेटर वळताना करकरायला लागतो. म्हणून मास्टपासून टॉवरपर्यंत, रोटेटर आणि थ्रस्ट बेअरिंग दोघांनाही बगल देणारी एक लवचीक जाड पट्टी बांध. तिला ढील हवी, कारण काही रोटेटर 360 नाही, 450 अंश फिरतात. याएसूचा जी-1000 असाच आहे. बांधल्यावर दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवून बघ, नाहीतर पट्टीच मास्टला गुंडाळली जायची. आणि झिंक चढवलेल्या टॉवरवर तांबं थेट आवळू नकोस. पावसात ते झिंक खाऊन टाकतं. मध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा घाल.

टॉवरवरून केबल उतरवताना ती पायाला चिकटून, शक्य तर जीआय पाइपातून आण, आणि पाइप दोन्ही टोकांना टॉवरला जोड. केबल हवेत लोंबत तिरकी घराकडे आणलीस तर दिसायला सुटसुटीत दिसते, पण आपण आपल्या हातांनी विजेला जवळची वाट करून दिलेली असते.

आता ज्याच्यावर माझं सगळ्यांशी भांडण होतं, तो मुद्दा. ‘रेडिओसाठी वेगळी अर्थिंग काढलीय’ असं लोक छाती फुगवून सांगतात. वायरमनही तोच सल्ला देतो: घराची अर्थिंग घराला, रेडिओची रेडिओला, एकमेकांत मिसळायची नाही. ऐकू नकोस! हिशोब करून बघ. तुझ्या टॉवरच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम धरू, तो काही वाईट म्हणता येणार नाही. विजेचा झटका धरू 30 किलोअँपिअरचा, हा अगदी सर्वसाधारण आकडा. गुणाकार केलास की त्या खड्ड्याची माती क्षणभर 3 लाख व्होल्टवर जाते. घराची अर्थिंग तिकडे दुसऱ्या कोपऱ्यात, जवळजवळ शून्यावर. या दोघांना जोडणारी वस्तू कोण? तुझा कंट्रोल बॉक्स. त्याच्या एका बाजूला रोटेटरच्या तारा, दुसऱ्या बाजूला सॉकेटची तिसरी पिन. भरती आली की सगळ्या होड्या एकदम वर उचलल्या जाव्यात, एखादीच धक्क्याला आखूड दोरीने बांधलेली असली की तीच बुडते, तसं हे होतं. म्हणून टॉवरची अर्थिंग, शॅकची अर्थिंग आणि घराच्या मेन बोर्डाची अर्थिंग जमिनीतूनच जाड पट्टीने एकमेकींना जोडलेली हवी. आयएस/आयईसी 62305 या वीजसंरक्षणाच्या मानकातही सगळी धातूची अंगं एका पातळीवर ठेवण्याला फार महत्त्व दिलंय. मेन बोर्डाकडचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घे. तो कुरकुरला तर त्याला हा 3 लाखांचा गुणाकार कागदावर दाखव.

आणि पट्टीच का, गोल तार का नाही? कारण इथे ओहमपेक्षा तारेचं इंडक्टन्स जास्त त्रास देतं. साध्या तारेला मीटरमागे साधारण 1 मायक्रोहेन्री असतं. तोच 30 किलोअँपिअर दोन मायक्रोसेकंदांत चढला, तर एक मीटर तारेच्या दोन टोकांत 15 हजार व्होल्टचा फरक पडतो. रुंद पट्टीत तो कमी पडतो. तशीच ती आखूड हवी, आणि तिला काटकोनात मोडायचं नाही, गोलाई देऊन वळवायचं.

तुझ्याकडची काळी माती ओली असताना झकास वाहक असते. पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि रॉडला सोडून मागे सरकते. म्हणजे वळीव येतो नेमका तेव्हा अर्थिंग सगळ्यात कमजोर. मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत जा. एका रॉडवर भिस्त ठेवू नकोस. दोन-तीन रॉड ठोक, आणि त्यांच्यात निदान रॉडच्या लांबीइतकं तरी अंतर ठेव. कोकणातल्या कातळावर राहणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत, जांभ्यात रॉड शिरतच नाही. त्यांना पट्ट्या आडव्या पसरून पुराव्या लागतात.

आता त्या सहा तारांचं बघू. टॉवरच्या पायथ्याशी एक पाण्याला अभेद्य डबी बसव. केबल खालून ग्लँडमधून आत घे, आत धातूची एक पट्टी ठेव, टॉवरला घट्ट जोडलेली, आणि प्रत्येक तारेपासून त्या पट्टीपर्यंत एकेक एमओव्ही लाव. दाब वाढला की एमओव्ही वाहक बनतो आणि झटका पट्टीवर टाकतो. त्यामुळे सगळ्या तारा आणि टॉवर एकत्र वर-खाली होतात. अशीच दुसरी डबी घराच्या भिंतीवर, केबल आत शिरते तिथे. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला एमओव्ही वडापावपेक्षा स्वस्त मिळतो, तेव्हा 20 मिलिमीटरचीच चकती घे, बारकी नको. त्याचे पाय कापून अगदी आखूड ठेव. मघाचा मीटरमागे 15 हजारांचा हिशोब त्या पायांनाही लागू आहे.

कुठला घ्यायचा, ते डोळे मिटून ठरवू नकोस. 20डी680के हा 40 व्होल्ट एसीपर्यंत शांत बसतो, 20डी390के हा 25 पर्यंत. मोटर 24 व्होल्ट एसीवर चालते म्हणून कोणी दुसरा लावेल, पण कपॅसिटरवर चालणाऱ्या मोटरमध्ये एका वाइंडिंगवर पुरवठ्यापेक्षा जास्त दाब येतो. रोटेटर फिरत असताना प्रत्येक तारेचा दाब मल्टिमीटरने मोज, दोन्ही दिशांना, आणि मग त्याच्या वरचा आकडा निवड. पॉटच्या तारांवर दाब कमी असतो, तिथे लहान आकड्याचा चालेल. एमओव्ही झटके खाऊन खाऊन झिजतो आणि शेवटी गळायला लागतो. म्हणून पुढे कधी काटा उगाच चुकीचा दाखवू लागला तर रोटेटर उतरवण्याआधी डबी उघडून बघ. हा सल्ला नीट ध्यानात ठेव, त्याने बीम उतरवण्याचा एखादा दिवस वाचेल.

एवढं सगळं केलं तरी वीज थेट अंगावर आली तर रोटेटर वाचेलच असं मी लिहून देणार नाही. घर, माणूस आणि रिग वाचवणं हा यातला खरा हेतू. त्यासाठी केबल काढायला पर्याय नाही. भिंतीबाहेरच्या डबीपाशी एक गोल मल्टिपिन कनेक्टर बसव. केबल तिथे, बाहेरच, सुटली पाहिजे. आत कंट्रोल बॉक्समागून उपटून टेबलावर ठेवण्याला काही अर्थ नाही. 1753 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिचमान नावाच्या शास्त्रज्ञाने छपरावरच्या सळईची तार खोलीत आणली होती, जमिनीला न जोडता, वीज मोजायला. वादळात तारेच्या टोकाशी वाकला आणि तिथेच गेला. टेबलावर मोकळी पडलेली केबल म्हणजे तेच यंत्र. तेव्हा डबीतच एक जादा प्लग ठेव, त्याच्या सगळ्या पिना एकत्र जोडून अर्थच्या पट्टीला लावलेला, आणि काढलेली केबल त्यात खोच. मग सॉकेटमधून कंट्रोल बॉक्स काढ, यूएसबी काढ.

हे सगळं गडगडाट सुरू व्हायच्या आधी. पुण्याच्या आयआयटीएमने तयार केलेलं दामिनी ॲप फोनवर असू दे, जवळपास वीज पडू लागली की ते सांगतं. ॲप नसेल तर चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोज, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत आकडा आला म्हणजे ढग दहा किलोमीटरच्या आत आलाय. तेव्हा तू डबीपाशी नसावंस. कनेक्टर जोडलेला राहिला असेल तर राहू दे, रोटेटर नवा घेता येतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दे, मगच हात लाव. दुपारी उपग्रहाचा पास बघायचा असला तरी एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात केबल काढलेलीच ठेवायची, पासपुरती जोडायची. कामावर जाताना ‘संध्याकाळी काढते’ म्हणायचं नाही, कारण वळीव चारला येतो आणि तू साताला.

फ्लॅटमध्ये पाचव्या मजल्यावर असतीस तर मी वेगळं बोलले असते. तिथे जमिनीपर्यंतची पट्टी इतकी लांब होते की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. इमारतीच्या तडितवाहकाला टॉवर जोडायचा, तोही सोसायटीला विचारून, आणि बाकी सगळी मदार केबल काढण्यावर. तुझं अंगण आहे, हे नशीब समज.

या रविवारी एक काम कर. रोटेटर धडधाकट आहे तोवर केबल बाहेरच्या कनेक्टरपाशी सोड आणि मल्टिमीटर लावून प्रत्येक जोडीचा रोध लिहून काढ. पॉटच्या दोन टोकांत बहुतेक ठिकाणी 500 ओहमच्या आसपास येईल, मोटरच्या वाइंडिंगचे काही मोजके ओहम. मधली तार आणि एक टोक यांच्यातला आकडा अँटेना उत्तरेला आणि दक्षिणेला असताना वेगळा येईल, दोन्ही लिही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डबीच्या झाकणाला आतून चिकटव. वादळ होऊन गेलं की बटण दाबायच्या आधी पुन्हा तेच मोज. आकडे जुळले तर खुशाल फिरव. पॉट उघडा दाखवत असेल किंवा एखादी तार मास्टशी शॉर्ट दाखवत असेल तर कंट्रोल बॉक्स जोडू नकोस, मला फोन कर. तुझ्या भाऊजींना वर चढवायचं मी बघते.